दोन क्विंटलची पत्र्याची कोठी : कोणी घ्यावी आणि घेताना काय बघावं

होळी झाली की मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात नवा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उतरतो आणि त्याच सुमाराला पेट्या-कोठ्या करणाऱ्यांच्या दुकानांपुढे चकचकीत कोठ्या उभ्या राहतात. गिऱ्हाईक येतं, बोटाने टणटण वाजवून बघतं, भाव पाडतं आणि टमटमवर टाकून घरी नेतं. वाजवून मडकं पारखता येतं. कोठी पारखायला टेप, वजनकाटा आणि टॉर्च लागतो.

इथे विचार केलाय तो साध्या, गल्लीतल्या कारागिराने बनवलेल्या कोठीचा. दोन फूट व्यास, साडेतीन फूट उंची, जस्ताचा पत्रा, वर झाकण आणि खाली धान्य काढायचं सरकतं तोंड. वस्तू चांगली आहे. दहा-पंधरा वर्षं सहज चालते, उंदीर तिला काही करू शकत नाही. पण ती प्रत्येक घराला लागत नाही, आणि जिथे लागते तिथेही कोठी स्वतः एक रुपया वाचवत नाही. वाचवतो तो हंगामातला स्वस्त भाव. तो वाचलेला पैसा टोक्यांच्या (धान्य पोखरणाऱ्या सोंडकिड्यांच्या) आणि बुरशीच्या घशात जाऊ न देणं, एवढंच कोठीचं काम.

आधी रेशनकार्ड काढून बघा. चार माणसांच्या घरात दोन वेळचं धान्य महिन्याला 35 ते 40 किलो लागतं, असं धरू. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी 5 किलो म्हणजे 20 किलो फुकट मिळतं. उरलं 15 ते 20 किलो, वर्षाचं झालं साधारण दोन क्विंटल. रेशनला येतो मुख्यतः गहू-तांदूळ, त्यामुळे विकत घ्यायची ती भाकरीची ज्वारी. अशा घराला ही कोठी बरोबर मापाची आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो येतं. तिथे एवढी मोठी कोठी अर्धी रिकामी राहील, आणि अर्धी रिकामी कोठी भरलेल्या कोठीपेक्षा लवकर बिघडते (कारण पुढे येतंय). त्यांनी 25-30 किलोचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा आणि गप्प बसावं.

खरी गरज आहे ती केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत या घरांना 2023 पासून धान्याऐवजी बँक खात्यात रोख मिळते. ती रक्कम महिन्याच्या महिन्याला किराण्यात विरघळून जाते. बाजूला काढून ठेवली तर मार्चमध्ये निदान पोत्याच्या पैशाला हातभार लागतो.

आता पैशाचं गणित. समजा हंगामात शाळू 35 रुपये किलोने मिळाला आणि पावसाळ्यात तोच किराण्यात 43 झाला. दोन क्विंटलमागे 1600 रुपये सुटले. त्यातून चाळल्यावर निघणारं मातेरं वजा करा. क्विंटलला अडीच किलो धरलं तरी पावणेदोनशे रुपये गेले. हमाली आणि टमटमचे दोनशे गेले. हातात राहिले बाराशेच्या आसपास. दुकानदार कोठीची जी किंमत सांगेल तिला या बाराशेने भागा. कोठी दुसऱ्या वर्षी फिटते की पाचव्या, ते तिथल्या तिथे कळेल. एखाद्या वर्षी दिवाळीपर्यंत भाव हलतच नाही, तेही मनात धरा.

आणि धान्य उसनवारीवर भरायचं असेल तर मुळीच भरू नका. 7000 रुपये शेकडा दोनने घेतले तर महिन्याला 140 रुपये व्याज. मुद्दल तसंच ठेवून आठ महिने काढले की 1120 रुपये झाले, म्हणजे बाराशेतले ऐंशी उरले. शेकडा तीनचा सावकार असेल तर खिशातूनच जातात. पैसे कमी असतील तर एकच 50 किलोचा कट्टा घ्या आणि पुढच्या वर्षी दोन. कोठी तोवर थांबते.

दुकानात गेल्यावर पहिलं काम टेपचं. दुकानदार "तीन क्विंटलची आहे" म्हणेल. व्यास फुटात मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग उंचीने गुणा, मग 22 ने. येतील ते लिटर. दोन गुणिले दोन गुणिले साडेतीन गुणिले 22, म्हणजे 308 लिटर. ज्वारी लिटरला साधारण पाऊण किलो बसते, म्हणून 230 किलो. गहू थोडा जास्त बसतो. तीन क्विंटल त्यात कसेही कोंबले तरी मावणार नाहीत.

दुसरं काम काट्याचं. पत्रा 24 गेजचा हवा. 24 गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड, 26 गेज म्हणजे अर्ध्याहून जरा पातळ, आणि आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे कितीतरी गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही. डोळ्याला फरक कळत नाही, वजनाला कळतो. वरच्या मापाची कोठी 24 गेजमध्ये 13 किलोच्या आसपास भरते, 26 मध्ये साडेदहा. दुकानदार 24 म्हणून सांगतोय आणि काटा अकरा दाखवतोय, तर भाव 26 चा द्या किंवा पुढच्या दुकानात जा. 26 गेजची कोठी लगेच फाटत नाही, पण भरल्यावर खालच्या भागात पोट सुटतं आणि पोट सुटलं की सांधा उसवायला लागतो. सांध्यातूनच पुढचं सगळं बिघडतं.

सांधा टॉर्चने बघायचा. मोबाईलचा टॉर्च लावून आत ठेवा, झाकण लावा, कोठी दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन चहूबाजूंनी फिरा. उभा सांधा, तळाची कड आणि खालच्या तोंडाची चौकट, या तीन जागी उजेडाच्या सुया दिसतात. जिथून उजेड येतो तिथून टोका येतो, आणि पावसाळ्याची दमट हवाही येते. कारागिराला तिथल्या तिथे डाख (सोल्डर) मारायला सांगा, पण बाहेरच्या बाजूने. डाखाच्या मिश्रधातूत शिसं असू शकतं, ते धान्याच्या बाजूला नको. आतून सांधा नुसता दुमडून ठोकलेला असावा. घरी आणल्यावर एखादं भोक सापडलं तर बाहेरून एमसील लावलं तरी भागतं.

झाकणाची कड कोठीच्या तोंडावर निदान दोन इंच खाली उतरली पाहिजे. काही झाकणं नुसती टोपी ठेवल्यासारखी असतात, बोटाने हलवली की खुळखुळतात. ती परत करावीत. कडीकोयंड्याची जागा आहे का हे लोक आवर्जून बघतात. कुलुपापेक्षा झाकणाचं बसणं महत्त्वाचं.

या कोठीचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे खालचं तोंड. कल्पना छान आहे: वरून भरायचं, खालून काढायचं, जुनं आधी संपतं, वरचं झाकण रोज उघडावं लागत नाही. पण ती सरकपट्टी दोन खाचांत सैल फिरते आणि तिच्या कडेला केसाएवढी फट राहतेच. कोठीला किडा लागला की पहिली खूण इथेच दिसते. पट्टीच्या खाली फरशीवर पिठाची बारीक, मळकट रेघ पडलेली असते, चिमटीत धरली तर रव्यासारखी न लागता पावडरीसारखी लागते. ती रेघ झाडून टाकायची नसते. ती दिसली त्याच दिवशी कोठी रिकामी करायची. फट झाकायला पट्टीवर जाड कापड चौघडी करून दाबावं आणि चिकटपट्टी लावावी. धान्य काढताना काढायची, परत लावायची.

तोंडाची दुसरी खोड अशी की तळ सपाट असल्यामुळे सगळं धान्य आपोआप बाहेर येत नाही. ज्वारीचा ढीग स्वतःच्या उताराने थांबतो. या मापाच्या कोठीत शेवटचे 35-40 किलो मागच्या बाजूला तसेच बसून राहतात. घरातलं कोणी वरून डोकावून बघत नाही, पट्टी उघडल्यावर धान्य येईना की "संपलं" म्हणून नवं आणून वरून ओततं. तळाचं ते धान्य दोन-दोन वर्षं तिथेच राहतं आणि टोक्यांचं माहेर होतं. कोठी बनवून घेणार असाल तर आतला तळ तोंडाच्या दिशेने उतरता करायला सांगा. तयार घेतली असेल तर धार मंदावली की मागच्या पायांखाली एकेक वीट सरकवा, उरलेलं हाताने ओढून काढा.

कोठी घरी आली की आधी गरम पाण्याने आणि राखेने घासून तेलकट थर काढायचा आणि दिवसभर उन्हात उपडी ठेवायची. जस्ताच्या पत्र्याला कोरडं धान्य चालतं. मीठ, गूळ, चिंच यातलं काही त्यात ठेवायचं नाही, पत्रा खाल्ला जातो आणि जस्त पदार्थात उतरतं.

आता भरणं. कोठीची नालस्ती करणाऱ्या दहातल्या आठ जणांची चूक इथे झालेली असते. किडा कोठीत जन्मत नाही, तो पोत्यातून येतो. टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. वरून दाणा ठणठणीत दिसतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याच्या गरमीत साधारण महिन्या-सव्वा महिन्यात आतून नवा टोका बाहेर पडतो. मग लोक म्हणतात, कोठीनेच किडे केले.

मोंढ्यातून आणलेला शाळू आधी चाळायचा आणि फुटके दाणे काढून टाकायचे. फुटक्या दाण्यावर तांबडा भुंगेरा लगेच बसतो. मग स्लॅबवर ताडपत्री टाकून दोन बोटं जाडीचा थर पसरायचा आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस द्यायचे, दर दीड-दोन तासांनी वरखाली करत. चार वाजले की गोळा करायचा, रात्रीच्या गारव्यात उघडा ठेवायचा नाही. दाणा वाळला का हे दाढेखाली कळतं: कट्ट आवाज करून तुटला तर वाळला, चेपला तर ओला. दुसरी खूण मिठाची. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि दोन चमचे भाजून कोरडं केलेलं मीठ घालून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात 15 टक्क्यांहून जास्त ओल आहे. मात्र नाही चिकटलं म्हणून लगेच भरू नका. साठवायला ओल 12 टक्क्यांच्या आत लागते आणि तेवढं बारीक मीठ सांगत नाही. दाढ आणि मीठ दोन्ही होकार देतील तेव्हाही आणखी एक दिवसाचं ऊन दिलेलं बरं. खरिपाची हायब्रीड ज्वारी स्वस्त म्हणून घेतली असेल तर तिच्यात ओल जास्त असते. ती वर्षभराला भरू नका, आधी खाऊन संपवा. मालदांडी, परभणी मोती किंवा गावरान दगडी असा टणक दाणा कोठीत जास्त टिकतो.

उन्हातून उचललेलं गरम धान्य तसंच कोठीत ओतणं ही सगळ्यात महागाची घाई. रात्री पत्रा गार होतो, धान्यातली वाफ झाकणाला आतून लागते, पाण्याचे थेंब होतात आणि वरच्या चार बोटांत बुरशी धरते. धान्य एक रात्र घरात पोत्यांत, तोंडं सैल ठेवून गार होऊ द्यायचं आणि सकाळी भरायचं. भरताना काठोकाठ भरायचं, वर पोकळी ठेवायची नाही. पोकळी म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे किड्याला श्वास. जुन्या काळी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, ठेवत, ती टिकायची ती याच कारणाने. बंद पेवात धान्याच्या नि किड्यांच्या श्वासाने प्राणवायू संपतो. म्हणून तर पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरायचं नाही, हा दंडक होता. उतरलेली माणसं गुदमरून गेली आहेत. पत्र्याची कोठी पेवाइतकी बंद नसते, पण काठोकाठ भरलेली आणि झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावलेली कोठी त्याच्या जवळ जाते. आत दिवा लावून झाकण बंद करायचा एक उपाय सांगतात. दिवा विझला म्हणजे प्राणवायू संपला असं होत नाही, 16-17 टक्के शिल्लक असतानाच ज्योत विझते आणि टोक्याला तेवढा पुरून उरतो. आग लागायची भीती वेगळीच.

कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवलेला. झाडावरून ओरबाडून हिरवा पाला घालणं म्हणजे धान्यात पाणी घालणं. शिवाय निंबाने किडा बाजूला राहतो, आधीच दाण्यात असलेला मरत नाही. बोरिक पावडर चोळायची पद्धत सोडून द्यावी. ती खायची वस्तू नाही, आणि ज्वारी धुऊन कोण दळतं? तुरीला किंवा मुगाला मात्र खायच्या तेलाचा हात उपयोगी आहे. किलोला एक-दीड चमचा तेल चोळलं की भुंग्याची अंडी दाण्यावर टिकत नाहीत. अख्ख्या तुरीपेक्षा डाळ करून ठेवली तर भुंगा तसाही कमी.

राहिली ती गोळी. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी घरात कोठीत टाकू नका, कोणी कितीही "आम्ही नेहमी टाकतो" म्हणालं तरी. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून 1 ग्रॅम वायू. सांधे कितीही नीट असले तरी तो खोलीत येतो आणि त्याच खोलीत माणसं झोपलेली असतात. त्यावर उतारा नाही. ही गोळी गोदामांसाठी आहे, तीही प्रशिक्षित माणसांच्या हातात. पाऱ्याच्या टिकड्यांनाही घरात जागा नको.

कोठी ठेवायची ती विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून वीतभर लांब. पत्र्याच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. दुपारी तापते, रात्री गार होते आणि आतली ओल रोज वर चढते. धान्यावर जुन्या सुती कापडाची घडी पसरून मग झाकण लावलं तर थेंब कापडात जिरतात. ते कापड महिन्याला वाळवायचं.

रोज उघडझाप करायची नाही. महिन्याचे 15-20 किलो एकदम काढून डब्यात घ्यायचे, आणि पावसाच्या दिवशी नाही. दळण मात्र दहा-पंधरा दिवसांचंच करावं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि स्वस्तातल्या धान्याची ही शेवटची नासाडी परातीत होते.

भरल्यापासून चाळिसाव्या दिवशी झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घाला. आत गार लागलं तर ठीक. ऊब लागली किंवा कुबट वास आला तर खाली काहीतरी चाललंय. सगळं काढा, ऊन द्या, चाळा, कोठीही उन्हात तापवा आणि परत भरा. धान्य थोडं असेल तर खाली काळं आणि वर पारदर्शक प्लास्टिक टाकून मधे बोटभर थर भर उन्हात तीन-चार तास ठेवा. आतली आग टोक्यांना आणि अंड्यांनाही सोसत नाही. हे बियाण्याला करू नका, उगवण जाते. चाळणीतले जिवंत टोके भिंतीकडेला झटकू नका, संध्याकाळपर्यंत परत येतात. कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे, नाहीतर उकळत्या पाण्यात.

दुसरे पर्याय थोडक्यात. 200 लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, कडीच्या रिंगचा, हवाबंदपणात कोठीपेक्षा सरस आहे आणि दीड क्विंटल ज्वारी त्यात बसते. पण भंगारातला ड्रम आधी कशाचा होता ते कळायला मार्ग नसतो. रसायनाचा असेल तर कितीही धुतला तरी नको. स्टीलची कोठी आयुष्यभराची, पण तिच्या किमतीत ज्वारीच किती येईल ते आधी मोजा. नुसत्या बारदानात ठेवायचं असेल तर दोन-अडीच महिन्यांपुरतंच.

कोठी रिकामी झाली की माघ-फाल्गुनात तिची शेवटची कामं. तळाच्या दुमडीत दाणे अडकलेले असतात. ते बारीक तारेने उकरून काढायचे, आतून कोरड्या फडक्याने पुसायचं आणि झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात आडवी टाकायची. सरकपट्टी खाचेतून पूर्ण ओढून काढून झटकायची, गंजली असेल तर बाहेरच्या कडांना मेण चोळायचं. जुने चार-पाच किलो उरले असतील तर ते दळून खायचे नाहीतर पाखरांना टाकायचे, नव्या शाळूखाली ठेवायचे नाहीत.